केलीव्हिलची ग्रामीण मुलगी

माझा नवरा आणि त्याचा मोठा भाऊ, दोघेही पुण्याचे इंजिनियर, रीजनल व्हिसावर याच गावात आले. सिडनीपासून सात तास. गव्हाची शेतं, एक सुपरमार्केट, एक क्लिनिक. व्हिसाची अट होती की काही वर्षं शहराबाहेर काढायची. जाऊबाईंनी ती शिक्षेसारखी काढली. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात पडल्याच्या आठवड्यातच त्यांनी घर रिकामं केलं. निरोपाच्या जेवणाला मी श्रीखंड-पुरी केली होती. वाटी पुसून खाताना त्या म्हणाल्या, "सुटलो एकदाचे."

सिडनीच्या केलीव्हिल उपनगरात घर घेतलं तेही शाळा बघून. पुतणी तेव्हा दुसरीत होती. शनिवारी गिरावीनला क्लास, रविवारी टेस्ट, पोरीला झाडावर चढताना कुणी पाहिलं नाही. फोन आला की जाऊबाईंचं सुरू व्हायचं, "अजून तिथेच का गं? तुमच्या खेड्यात कोथिंबीर तरी मिळते का?" कोथिंबीर माझ्या अंगणात होती. त्यांना सांगून काय उपयोग?

गेल्या वर्षी पुतणी बारावीत गेली आणि आमच्या खेड्याचा भाव एकदम वधारला. मेडिसिनला लहान गावात वाढलेल्या मुलांसाठी काही जागा राखलेल्या असतात, हे त्यांना गणपतीच्या आरतीनंतर कुणीतरी सांगितलं. अट एवढीच, की मूल ठराविक वर्षं सलग अशा गावात राहिलेलं हवं. जाऊबाईंनी हिशेब केला. इतक्या घाईने पळाल्या नसत्या, जेमतेम चार महिने कळ काढली असती, तर पोरगी नियमात बसत होती. हे ऐकून मला आनंद झाला. झाला, खोटं कशाला बोलू?

मग एका शनिवारी तिघं गाडी घेऊन दारात. सोबत काजूकतलीचा मोठा डबा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. जेवणं झाल्यावर भावजींनी मुद्दा काढला. "फक्त एवढंच लिहून दे, की आम्ही गेल्यावरही चार महिने ती तुमच्याकडे राहत होती. कोण तपासतंय? सगळेच करतात."

माझा नवरा दादाला कधी नाही म्हणालेला नाही. आमच्या लग्नात त्याच्या बुटांचा रंगसुद्धा दादाने ठरवला होता. त्याने कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि माझ्याकडे बघणं टाळलं. खोट्या कागदावर त्याची सही, तीही माझ्या जेवणाच्या टेबलावर. माझं डोकं तापलं.

"डॉक्टर झाल्यावर ती इथे येणार आहे का?" मी विचारलं.

जाऊबाई हसल्या. "इथे? वेडी आहेस का तू? अगं, हे फक्त अॅडमिशनपुरतं."

पुतणी फोन बाजूला ठेवून ऐकत होती. भावजी मघापासून कपाळ चोळत होते. बीपीच्या गोळ्या केलीव्हिललाच राहिल्या होत्या.

"तू क्लिनिकच्या रिसेप्शनला आहेस ना," ते मला म्हणाले. "डॉक्टरांना सांगून एक प्रिस्क्रिप्शन मिळवून दे. पाच मिनिटांचं काम."

रोज फोनवर पेशंटना जे सांगते तेच मी त्यांना सांगितलं. "डॉक्टर फक्त बुधवारी आणि गुरुवारी येतात, भावजी. नवे पेशंट घेत नाहीत. फारच त्रास होत असेल तर दीड तासावर हॉस्पिटल आहे, चला, मी गाडी काढते."

"म्हणजे काय? एवढ्या गावाला एक डॉक्टर नाही?"

"नाही. म्हणून तर ती जागा राखलेली आहे."

जाऊबाईंनी काजूकतलीच्या डब्याचं झाकण लावलं. मग पुतणी म्हणाली, "काका, प्लीज डोन्ट साइन इट. आय हार्डली रिमेंबर धिस प्लेस."

नवऱ्याने पेन बंद केलं आणि कागद दादाकडे सरकवला. "नाही जमणार, दादा," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघितलं.

भावजींना घेऊन मी हॉस्पिटलला गेले. जाऊबाई मागच्या सीटवर होत्या. वाटेत दोन्ही बाजूंना नुसते गहू. त्यांनी तीनदा विचारलं, अजून किती लांब आहे. वेटिंग रूममध्ये आमच्या गावची एक म्हातारी भेटली, सकाळपासून बसलेली. तिने सरकून जाऊबाईंना जागा करून दिली. त्या बसल्या, घड्याळ बघत कुजबुजल्या, "कसे राहतात गं इथे लोक?"

"वाट बघत," मी म्हणाले.