ज्वारीचा पाचवा महिना

मला पाचवा महिना लागला तो शाळेत, दहावीच्या वर्गात, मधल्या सुट्टीनंतर.

(घाबरू नका. मी पुरुष आहे, विज्ञान शिकवतो आणि अर्धापूरजवळच्या आमच्या गावात त्याबद्दल आजवर कुणाला शंका नव्हती.) त्या दिवशी लहान वयातल्या गरोदरपणाचा विषय होता. माझ्या आधीचे सर हे पान "घरी वाचा" म्हणून उलटायचे. मी म्हटलं, आपण प्रयोगच करू! पाच किलो ज्वारीची पिशवी सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, आळीपाळीनं दिवसभर पोटावर बांधायची आणि वाकणं, बसणं, झाडणं सगळं करून बघायचं.

"सर, पयले तुमी!" वर्ग ओरडला.

दोन-चार जणांनी मिळून माझ्या पोटावर पिशवी बांधली. पाठीमागं गाठ कुणी मारली ते मला दिसलं नाही, पण शेतकऱ्यांची लेकरं ती! बैलाला मारतात ती गाठ. शाळा सुटली तरी गाठ सुटेना, ओढावी तशी आवळतच गेली. शेवटी वरून सदरा ओढून तसाच मोटारसायकलवर बसलो. वाटेत पारावरच्या मंडळींनी "सर, तब्येत सुधारली की!" म्हणून कौतुकही केलं.

घराच्या दारातच माझा थोरला भाऊ उभा. "कुठं हुतास? रेणापूरचे पाहुणे आलेत, आपल्या आशूला बघायला."

आशू म्हणजे दादाची मुलगी, माझी पुतणी. माझ्याच वर्गात, वय वर्षं पंधरा! माझ्या पोटात (ज्वारीच्या आतल्या) धस्स झालं.

"दादा, अरे, अठराच्या आत कायद्यानं..."

"नुसतं बघायला कायदा लागत न्हाई. गप बस जाऊन!"

मी गप जाऊन बसलो. अख्खा वर्ग एका हाकेत गार करणारा मी, पण दादापुढं माझी दातखीळ बसते. बसलो म्हणजे काय, मागं हात टेकत, हाशहुश करत, अंदाजानं जमिनीवर उतरलो. समोर नवरदेव मुलगा बसला होता आणि शेजारी त्याची आई माझ्याकडं टक लावून बघत होती.

आशू पोह्यांच्या बशांचं ताट घेऊन आली. मुलाच्या आईनं रीतीप्रमाणं विचारलं, "काय शिकायलीस बाई साळंत?"

"दावतेच की," आशूनं ताट खाली ठेवलं. "काका, उभं ऱ्हावा."

मी उभा राहिलो! (दादाला नाही म्हणता येत नाही, तसं दादाच्या मुलीलाही नाही.) तिनं सरळ माझा सदरा वर केला. पाहुण्यांचे हात बशीकडं जाता जाता थांबले.

"ह्ये पाचव्या महिन्याचं वजन. माझ्या वयात दिवस गेले तर रगत कमी पडतं, बीपी वाढतं, लेकरू दिवस भरायच्या आत व्हतं. आई बी दगावू शकती. साळा सुटती ती येगळीच. काका, वाका."

मी वाकलो. म्हणजे वाकायला निघालो आणि अर्ध्यातच अडकलो.

नवरदेव फिस्सकन हसला. त्याची आई कडाडली, "हसतुस काय? बांध तुझ्या पोटाला!"

आशूनं मागं येऊन एका झटक्यात गाठ सोडली. सबंध शाळेला न सुटलेली गाठ! मारणारे हात कुणाचे होते आणि पाहुणे यायचेत हे कुणाला आधीच ठाऊक होतं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पिशवी नवरदेवाच्या पोटावर ठेवून तिनं तीच गाठ त्याला मारली. तो उठायला गेला आणि थेट पोह्यांच्या ताटात बसला!

सगळे हसले, त्याची आई तेवढी हसली नाही. ती दादाला म्हणाली, "भाऊ, आशूएवढी असताना माझं पयलं बाळंतपण झालं. लेकरू गेलं. मी कशीबशी वाचले. आमाला कुनी सांगितलंच न्हाई हो. पोरीला शिकू द्या."

दादानं सांडलेले पोहे गोळा करून ताटात भरले. मग आशूला एवढंच म्हणाला, "शीक."

 पाहुण्यांची जीप निघून गेल्यावर मी ऐटीत म्हटलं, "बघितलंस दादा, माझा प्रयोग!"

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, "भाऊजी, पाहुणे गेले. आता तरी ती पिशवी सोडा की!"

पिशवी केव्हाच रेणापूरच्या वाटेला लागली होती, नवरदेवाच्या पोटावर. आशूची गाठ त्यालाही सुटली नव्हती. वहिनी बघत होत्या ते पोट माझं स्वतःचं होतं.