पुठ्ठ्याचा रणगाडा

त्या मिरवणुकीची आठवण काढून कोणी "काय मजा आली होती!" म्हणालं, की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मजा बघणाऱ्यांना आली. आत बसलेल्या माणसाचं काय झालं हे कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगते.

पासष्टची लढाई थांबली तेव्हा मी लकडगंजातल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवत होते. वय चोवीस, नोकरी अजून पक्की व्हायची होती. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष लाकडाचे मोठे व्यापारी होते. लहानथोर सगळे त्यांना शेठजी म्हणत. शाळेच्या मागे त्यांची लाकूड चिरायची आरामशीन होती. ट्रकमधून उतरलेले सागाचे ओंडके करवतीपर्यंत ओढून न्यायला त्यांनी एक विचित्र गाडी ठेवली होती. चाकांवर लोखंडी पट्टे चढवलेले, चारही बाजूंना पोलादी पत्रा आणि वरून सताड उघडी. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीच्या लिलावात ती त्यांनी उचलली होती. ती चालू झाली की वर्गात फळ्यावरचा खडूसुद्धा थरथरायचा.

एक दिवस शेठजींनी मला ऑफिसात बोलावलं. "बाई, विजयाची मिरवणूक काढून राहिलो आपण. आपल्या गाडीचा टँक बनवायचा. तुमचा हात चांगला आहे. वर पुठ्ठ्याचं डोकं, लांब तोफ, एकदम असली वाटला पाहिजे. आपल्या जवानांचा टँक!"

मला आनंद झाला, हे कबूल केलंच पाहिजे. तोवर मी स्नेहसंमेलनाच्या पडद्यांवर डोंगर आणि कमळंच रंगवत आले होते.

गाडी चालवणारे काका पंचेचाळिशीचे होते. सावनेरकडच्या एका शेतकरी घरातले, विशीत फौजेत गेलेले. मी मापं घ्यायला गेले तेव्हा ते पट्ट्यात ग्रीस भरत होते. मी म्हटलं, "काका, तुमच्या टँकची मापं हवीत."

त्यांनी मान वर केली. "बाई, हे टँक नोहे. याले केरिअर म्हणतात. मी आफ्रिकेच्या वाळवंटात हेच चालवलं. माणसं अन् मशीनगन इकडून तिकडे न्यायची, एवढंच याचं काम. टँकसमोर उभं राहाची याची टाप नाही."

"मग टँक कसा असतो?"

"वर झाकण असते, बाई. हे उघडं हाय. इथंच सारा फरक हाय."

मला ते पटलं, पण समजलं नाही. म्हणून मी लायब्ररीत जाऊन रणगाड्यांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं. दुपारच्या सुट्टीत ओंडक्यांवर बसून मी चित्रं दाखवायची आणि काका सांगायचे. पहिल्या महायुद्धातले रणगाडे म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराची लोखंडी धुडं, खंदक ओलांडायला केलेली, तोफा दोन्ही कुशींना. गुपित फुटू नये म्हणून कारखान्यात ही पाण्याची टाकी आहे असं सांगितलं, तेच टँक हे नाव चिकटलं. हे ऐकून काका खो खो हसले. पुढे फ्रेंचांनी छोटा रणगाडा केला आणि त्याच्या डोक्यावर गरगर फिरणारा बुरूज बसवला. तेव्हापासून गाडी एका दिशेला आणि तोफ दुसऱ्या दिशेला, असं शक्य झालं. मग दोन माणसांच्या चिमुकल्या चिलखती गाड्या आल्या. काकांचं केरिअर त्याच घराण्यातलं. तोफा मोठ्या झाल्या तसा पत्रा जाड झाला. पत्रा जाड झाला तशा तोफा आणखी मोठ्या झाल्या. शेवटी रशियनांनी पत्रा तिरपा लावला, म्हणजे गोळा आदळून घसरून जावा.

"लय डोकं लावलं लोकाईनं," काका म्हणाले. "पण आमच्या पत्र्यातून जवळून सुटलेली गोळी आरपार जाय. आमचा एक साथी तसाच गेला, माह्या बाजूले बसून होता." एवढं बोलून ते पुन्हा ग्रीसकडे वळले.

मी बांबूच्या कामट्या, पुठ्ठा, खळ आणि जुनी धोतरं वापरून बुरूज केला. पत्रा तिरपा दिसावा म्हणून कोन मोजून कापले. तोफेच्या जागी पन्हाळीचा लांब पाइप लावला. वरून हिरवा रंग. काका बुरुजाखाली बसून पाहत म्हणाले, "दिसते झकास. पण बाई, वरून काही पडलं तं पुठ्ठा काय थांबवन?" मी हसून म्हटलं, "फुलंच पडणार आहेत, काका."

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळी शेठजी बघायला आले. दोनदा गोल फिरले. खूश झाले. मग म्हणाले, "एक करा बाई. याच्यावर दुश्मनाचं निशाण काढा. आणि पाटी लावा, शत्रूकडून जिंकलेला रणगाडा. आपला टँक पाहाले कोण येते? दुश्मनाचा म्हटलं की पूर्ण इतवारी बाजार रस्त्यावर येईन."

मी म्हटलं, "शेठजी, पण हे खोटं आहे. आणि आत काका बसणार आहेत."

"अहो, मिरवणुकीत कायचं खरं न खोटं! लोकांचा जोश पाहा ना. तुम्ही फक्त अक्षर चांगलं काढा."

मी काढलं. इथे मला कोणी गळ्याला सुरी लावली नव्हती. नोकरी पक्की व्हायची होती, मुख्याध्यापिका बाजूला उभ्या राहून मला डोळ्यांनी "गप्प बसा" सांगत होत्या, आणि मी ब्रश उचलला. अक्षर फार सुंदर आलं. लांबून वाचता यावं म्हणून मी त्याला पांढरी किनारसुद्धा दिली.

काकांनी पाटी वाचली. त्यांना वाचता येत होतं. मिरवणुकीत घालायला त्यांनी फौजेतली जुनी टोपी आणली होती, ती काढून सीटखाली सारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिरवणूक निघाली. पुढे बँड, मग लेझीम, मग शेठजींची उघडी मोटार आणि तिच्या मागे आमचा रणगाडा. मी शाळेच्या मुलींबरोबर त्याच्या मागून चालत होते. लकडगंजात सगळं ठीक होतं. लोक जोडे दाखवत, शिव्या देत, हसत. गांधीबागेच्या पुढे गर्दी दाटली. इतवारीच्या अरुंद रस्त्यावर दोन्हीकडच्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या. कोणीतरी पहिली चप्पल फेकली. शेठजींनी मोटारीतून मागे वळून पाहिलं आणि हात वर करून घोषणा दिली. लोकांना वाटलं, परवानगीच मिळाली.

मग गोटे आले. आधी पट्ट्यांवर, पत्र्यावर ठणाठण वाजले. नंतर गच्चीवरून. मी केलेला तो तिरपा पुठ्ठा एकेका गोट्यानं पापडासारखा फुटत गेला. मी ओरडत पुढे धावले, "आत माणूस आहे! आपला माणूस आहे!" बँड वाजत होता. माझा आवाज माझ्याच कानांपर्यंत पोचत नव्हता.

गाडी थांबली नाही, एवढं मला दिसलं. माणूस चालतो त्याहून मंद, पण सरळ, एकाच चालीत पुढे जात राहिली. चौकात रस्ता रुंद झाला तेव्हा ती कडेला जाऊन उभी राहिली. मी फाटक्या पुठ्ठ्यातून आत डोकं घातलं. काकांचा डावा डोळा रक्तानं भरलेला होता. शर्ट लाल. दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर तसेच, पकड न सोडता.

"काका, थांबला का नाहीत तुम्ही?"

"कसा थांबू? आजूबाजूले लेकरं होते. थांबलो असतो तं लोकं अंगावर चढले असते. हाताले जराक झटका बसला असता न, गाडी जागीच आडवी फिरते बाई. पोट्टे पट्ट्याखाली गेले असते." मग म्हणाले, "पाणी हाय का?"

मी त्यांना सायकलरिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शेठजींची मोटार पुढे निघून गेली होती. सभेच्या मंडपात भाषणं सुरू झाली होती, ती लाउडस्पीकरवरून आम्हाला दवाखान्यात ऐकू येत होती. डॉक्टरांनी भुवईला टाके घातले. डोळ्याबद्दल म्हणाले, बघू. चार दिवसांनी बघून झालं. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळणार होता.

मी काकांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं मला पाटावर बसवलं, चहा दिला आणि समोर बसून विचारलं, "बाई, थे पाटी कोणं लिहिली होती?"

काका घाईनं म्हणाले, "जाऊ दे ना वं."

मी म्हटलं, "मी लिहिली."

"अक्षर चांगलं हाय म्हणे तुमचं," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली. आयुष्यात मला अनेकांनी बोल लावले, पण इतके मुकाट्यानं मी दुसऱ्या कोणाचे ऐकून घेतले नाहीत.

पंधरा दिवसांनी शाळेत सत्कार ठेवला. रणगाडा बनवल्याबद्दल माझा. काकांचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर नव्हतं. मी सभेआधी शेठजींना गाठलं.

"शेठजी, तुम्ही सगळ्यांसमोर एवढंच सांगा, की आत आपला जुना फौजी होता, आणि डोळा गेला तरी त्यानं एकाही मुलाला इजा होऊ दिली नाही."

"आणि लोकांना वाईट नाही वाटणार? गोटे मारणारे आपलेच लोक आहेत, बाई. काहून उकरून काढता? त्याला मी वाऱ्यावर थोडीच सोडलं? चौकीदार करून टाकतो."

"चौकीदार? ते गाडी चालवत होते!"

"एका डोळ्यानं आता काय चालवणार?"

हे तो माणूस सहज बोलला, लाकूड वाकडं निघालं असं सांगावं तसं. शेठजी दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. गरीब मुलींची फी ते माफ करत. पण त्या दिवशी मला त्यांचा जेवढा संताप आला तेवढा दुष्ट माणसाचाही कधी आला नाही.

सत्काराच्या वेळी मी शाल घेतली नाही. माइकसमोर उभी राहिले आणि जे झालं ते सांगितलं. पाटी मी लिहिली हेही सांगितलं. हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. एक जण उठून गेला, बाकीचे खाली बघत बसले. त्यांच्यातले किती जण इतवारीत होते कोण जाणे. मुख्याध्यापिकांनी मला लेखी माफी मागायला सांगितलं. मी मागितली नाही. वर्षाच्या अखेरीस माझी नोकरी संपली, आणि धरमपेठेतल्या एका शाळेत मला जागा मिळेपर्यंत मी घरी बसून विकायच्या राख्यांवर पक्षी रंगवले.

काका आरामशिनीच्या फाटकावर स्टुलावर बसू लागले. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. एकाहत्तरच्या लढाईनंतर पेपरात रणगाड्यांचे फोटो येऊ लागले, ते मी कापून नेऊन द्यायची. ते उजव्या डोळ्याजवळ धरून बारकाईनं बघत आणि कौतुकानं सांगत, "हे पाहा, हे पाण्यातून पोहून जाणारं दिसते. आमच्या वेळी असतं तं!" मला मात्र प्रत्येक फोटोत आधी आतला माणूस दिसायचा, जो दिसत नसतो.

शेठजी गेल्यावर त्यांच्या मुलानं ट्रॅक्टर घेतला आणि केरिअर गॅसनं कापून भंगारात काढायचं ठरवलं. कापायच्या दिवशी मी योगायोगानं तिथे होते. पत्रा कापणाऱ्याला कुठून सुरुवात करावी कळेना, तेव्हा काका उठून गेले आणि बोटानं दाखवत म्हणाले, "इथून लाव गा. समोरचा जाड हाय, बाजूचा पातळ."

मी शेठजींच्या मुलाला म्हटलं, "तुमच्या वडिलांनी या माणसाची माफी मागायला हवी होती. आता तुम्ही तरी मागा."

"बाई, किती जुनं काढून राहिल्या तुम्ही," तो म्हणाला. "मी तेव्हा शाळेत होतो." मग त्यानं काकांकडे बघितलं, आणि गल्ल्यावर जाऊन बसला.

मी तणतणत त्याच्या मागे निघाले. काकांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि मला बसवलं.