चतुर्थीचा ताजा चंद्र

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत गच्चीच्या दारावर एक सूचना चिकटवलेली आहे : ‘दुर्बीण लावणाऱ्यांनी दुर्बिणीचे तोंड आकाशाकडेच ठेवावे.’ सोसायटीत दुर्बीण फक्त माझ्याकडे आहे. तरी नाव घातलं नाही, हा सेक्रेटरींचा मोठेपणा.

या दुर्बिणीला कॅमेरा जोडून मी चंद्राचे, शनीचे फोटो काढतो आणि सगळ्यात आधी आईला दाखवतो. आई चष्मा लावते, बघते, आणि तिच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला, अवकाशातल्या दुर्बिणीने काढलेला फोटो माझ्यापुढे धरते. त्यात केशरी धुळीचे डोंगर आणि ताऱ्यांचा नुसता सडा.

“बघ किती स्वच्छ आलाय. तुझेच धुरकट का येतात?”

मी सांगतो, अगं, ती दुर्बीण हवेच्या पार वर आहे. माझ्या आणि शनीच्या मध्ये वारज्याचे दिवे, धूळ आणि समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी आहेत. “मग चादरी काढायला सांग,” आई म्हणते. पन्नाशीच्या माणसाने आईच्या एका ‘छान’साठी झुरणं शोभत नाही. पण मी झुरायचो.

गेल्या श्रावणातल्या संकष्टीला आभाळ गच्च होतं. आईचा दिवसभर उपास, त्यात साखरेचा त्रास. तिचे हात थरथरायला लागले होते.

“चंद्रोदयाची वेळ होऊन गेली. आता जेव,” मी म्हटलं.

“वेळ बघितली. चंद्र कुठे बघितलाय?”

मी दुर्बीण उचलून गच्चीवर गेलो. ढगांपुढे दुर्बिणीचं काही चालत नाही हे मला ठाऊक होतं, पण घरात बसून तिचे हात बघवेनात. वर बी विंगमधले काका होते. त्यांचाही उपास होता, त्यामुळे ते नेहमीपेक्षा जास्त पुणेरी झाले होते. “काय, ढग पुसायला आलात का?” त्यांनी विचारलं.

तेवढ्यात ढग फाटले. मी फोनवर “आई, वर ये!” असं ओरडलो आणि घाईघाईत एक फोटो काढला. काका खिशातला चष्मा शोधून लावेपर्यंत चंद्र गेलाही. लिफ्ट गच्चीपर्यंत येत नाही. शेवटचा जिना आई पूजेचं ताट आणि पाण्याचा तांब्या सांभाळत, दुखऱ्या गुडघ्यांची समजूत घालत चढली. ती पोचली तेव्हा आभाळ पुन्हा बंद झालं होतं.

“गेला?” एवढंच म्हणून ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. माझा जीव तुटला. मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. “आत्ताच काढलाय. याचं दर्शन घे आणि जेव.”

“फोटोला कुठे अर्घ्य देतात?” काका म्हणाले.

“टीव्हीवरच्या आरतीला हात जोडतोच की आपण.”

“ती थेट असते. हा शिळा.”

“आणि उलटा आहे,” आई म्हणाली.

“दुर्बिणीतून उलटाच दिसतो गं.”

“उलट्याला नमस्कार कसा करू?”

मी कॅमेरा फिरवून धरला. आईने चष्मा नीट केला आणि चंद्राची झिजलेली कड बराच वेळ निरखली. “चतुर्थीचाच आहे,” ती म्हणाली.

आता काकांनाही आपल्या जेवणाची आशा वाटू लागली. त्यांनी मोबाइल पुढे केला. “वहिनी, फोटोच चालणार असेल तर हा घ्या. थेट अवकाशातून काढलेला. एकेक खड्डा दिसतोय.”

आईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. “तो कधीचा, कुणी काढलेला, कोण जाणे! हा आजचा आहे. माझ्या मुलाने काढलाय.”

तिने कॅमेऱ्यावर हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. पळीभर पाणीही सोडणार होती, तेवढ्यात मी कॅमेरा मागे ओढला आणि पाणी माझ्या पायांवर पडलं. काकांनीही मोबाइल खिशात टाकून मुकाट्याने माझ्या कॅमेऱ्याला हात जोडले.

मी आईचा हात धरून तिला जिना उतरवू लागलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दोन पायऱ्या उतरल्यावर तिने मागे वळून काका ऐकत नाहीत ना याची खात्री केली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

“पण धुरकटच आलाय हं.”