एका माणसाच्या स्वयंपाकासाठी कोंढ्यापर्यंत

मी, विनायक गोविंद साठये, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चोपन्न, मूळचा साताऱ्याकडचा. नागपुरातील एका कारखान्यात उत्पादनखर्चाचा हिशेब पाहतो. माझ्या घरी पत्नी असताना आणि तिच्या पश्चातही स्वयंपाक करणाऱ्या यशोदाबाई पावसाळा लागताच आपल्या गावी, भंडारा जिल्ह्यातील कोंढ्याला गेल्या आणि परतल्या नाहीत. पगार वाढवून त्यांना परत आणावे, या एकाच हेतूने मी हा प्रवास केला. धानाच्या दिवसांत तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांना यातील काही तपशील उपयोगी पडावेत.

मंगळवारी कचेरी सुटल्यावर एसटी पकडली. भंडाऱ्यास स्थानकाजवळ राहण्याची सोय होते; मात्र एकट्यासाठी वेगळी खोली नसते, दोघांचे भाडे भरावे लागते. खानावळीत भात मागावा लागत नाही, पुरे म्हणावे लागते. जेवणानंतर पितळी भांड्यांच्या एका दुकानात लहान पातेले पाहिले. दुकानदाराने विचारले, "किती माणसाचा सैपाक?" एकाचा, म्हटल्यावर त्याने पातेले परत मांडणीवर ठेवले. "मंग पितळ कायले घेता जी? कलईच महाग पडंल."

बुधवारी सकाळच्या पवनी गाडीने कोंढ्याला उतरलो. पुढे चिखल आहे. बूट पिशवीत घालून अनवाणी चालणेच शहाणपणाचे. थांब्यावरच्या टपरीत चहा घेत असता एक शेतकरी एका प्रौढ बाईंशी हुज्जत घालत होता.

"हुंडा किती घेसान, माय? सांगून टाक एकदाचा!"

"मांगच्या सालावानी नाही जमत आता. तुही बांधी पाय ना, केवढी हाय ते!"

हुंड्याची बोलणी अशी भर रस्त्यात चाललेली पाहून मला संकोच वाटला. लग्न कोणाचे, असे मी चहावाल्याला हळूच विचारले. तो एवढ्या मोठ्याने हसला की सगळ्यांना कळले.

"सायेबाले वाटलं मी सोयरीक करून राहिलो!" शेतकरी म्हणाला. "घरी आयकलं त बायको जेवाले नाही देणार मले!"

इकडे हुंडा म्हणजे उक्ते काम. भातखाचराला बांधी म्हणतात, रोपांना पऱ्हे. तिची रोवणी बायकांचा गट एकरकमी ठरवून घेतो. शेतकऱ्याने आपली अडचणही सांगितली. "आठ दिवसाआंधी बायाइले कोणी इचारत नव्हतं. आता पऱ्हे तयार झाले, पाणी हाय, त साऱ्याइलेच बाया पायजेत. पऱ्हे म्हातारे झाले का धान कुठं होते?" म्हणून तो मजुरीखेरीज बायकांना बैलगाडीने आणतो, चहाही पाजतो. मला समाधान वाटले. मजुराला मागणी मजुरासाठी नसते, त्याच्या हातून होणाऱ्या कामासाठी असते. काम जितके अडलेले, तितका मालक अधिक खर्च सोसतो. हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो.

विचारल्यावर कळले की यशोदाबाई त्याच गटात होत्या; शेतकऱ्याच्या मागोमाग मी थांब्याजवळच्याच त्या बांधीवर गेलो. मला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा पाहून त्यांनी हातातली रोपे खाली ठेवली.

"अगा बाप्पा! सायेब, तुमी इकडे कसे?"

मी अटी क्रमाने सांगितल्या: वाढीव पगार, आठवड्याची सुटी, गाडीभाडे, काम मात्र दिवसभराचे. सगळ्या बायका कंबर सरळ करून ऐकत होत्या.

"दिवसभर कायले जी? एका जिवाचा सैपाक तो, घंट्याभरात होते. मंग का भिताडाइले पायत बसू?"

"जा ना वो यशोदे," एकीने टोमणा मारला. "बसल्या बसल्या पगार भेटते!"

"तूच जाय. इथं तुमच्या चार गोष्टी त आयकाले भेटतेत. तिथं घड्याळच बोलते."

बायका हसल्या. यशोदाबाई मात्र हसल्या नाहीत. धुऱ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "राग नोका धरू, सायेब. पैशाचं नाही. बाईसायेब होत्या तवा दिवस कुठं गेला समजत नव्हता. आता तुमी पेपराच्या आड अन् मी दारात. बोला ना, तुमाले दिवसभर बाई कायले पायजे?"

माझ्याजवळ उत्तर होते. पण ते चारचौघींपुढे, गुडघाभर चिखलाच्या काठावर उभे राहून देण्यासारखे नव्हते. काम काहीच अडलेले नव्हते. घरात भांड्यांचा आवाज असावा, एवढीच माझी मागणी होती, आणि तिला मी स्वयंपाक म्हणत होतो.

"जेवून जा, भात हाय," त्या म्हणाल्या. गाडीची वेळ झाली, असे सांगून मी निघालो. गाडीला अवकाश होता. थांब्यावर बसून मी त्या बायकांचे बोलणे ऐकत राहिलो. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

परतल्यावर या प्रवासाचे काय उरले, याचा विचार केला. दिवसभराची बाई शोधणे मी थांबवले आहे. आज दारात शेजारचे डोंगरे भेटले.

"मिळाली का हो बाई?"

"नाही," मी म्हणालो, आणि न ठरवता पुढे म्हणालो, "आमच्याकडे जेवायला येता का? भात मी लावतो."

ते जरा गोंधळले. मग रविवारी येतो म्हणाले. आज गुरुवार आहे.

वि. गो. साठये
नागपूर, २८ जुलै १९८३