लिब्रादोच्या दोन जन्मनोंदी

मतदानाच्या टेबलावर लिब्रादो सेपेदा बसलेला असला की गोऱ्या माणसाचं ओळखपत्र तो उलटून बघायचा नाही. गुड मॉर्निंग म्हणायचा, सही घ्यायचा आणि पुढे पाठवायचा. आमच्यातला, म्हणजे मूळच्या मेक्सिकोकडचा, कोणी आला की मात्र कार्ड उजेडाकडे धरायचा, मग माणसाच्या तोंडाकडे बघायचा, मग बुटांकडे. बुटांना संत्र्याच्या बागेतली माती असली की ठरलेला प्रश्न यायचा. "जन्म कुठला?" हे विचारायचा त्याला काडीचा अधिकार नव्हता. पण समोरचा घाबरून सांगायचा, आणि मागे उभी असलेली एखादी पोरगी रांगेतूनच परत फिरायची. मग लिब्रादो माझ्याकडे वळून म्हणायचा, "बघितलंस, हर्मिनिया? एक कमी झाली."

मी हे एकवीस वर्षं बघितलं. सान लिबोरियोच्या शाळेच्या जेवणघरात आम्हा तिघांचं टेबल असायचं. मी त्याच शाळेत स्वयंपाक करायचे, लिब्रादो शाळेची बस चालवायचा आणि तिसरी नॉर्मा डीन हॅस्केल, म्हणजे संत्री पॅक करणाऱ्या कारखान्याच्या मालकाची बायको. अर्ध्या गावाचे आईबाप त्या कारखान्यात राबले. लिब्रादो दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. दुष्ट माणसाला निदान मजा तरी येते. याला फक्त भीती वाटायची, आणि ती लपवायला तो दुसऱ्याला भीती घालायचा.

आमच्या गावात गोऱ्यांना विचारा, इथे भेदभाव होतो का, तर ते म्हणतात, छे, आता कुठे काय. आम्हांला विचाराल तर आम्ही आधी विचारणारा कोण आहे ते बघतो. मेक्सिकोतून नदी ओलांडून येणाऱ्यांचा विषय निघाला की गोरे म्हणतात, रांगेत या. आमच्यातले अर्धे म्हणतात, येऊ देत बिचारे, आपणही असेच आलो. उरलेले म्हणतात, बास झालं, दार लावा. हे उरलेले जरा आवाज चढवून बोलतात, कारण ते गोऱ्यांना ऐकू जायला हवं असतं. लिब्रादोचा आवाज सगळ्यांत मोठा. दर रविवारी तो हॅस्केल मंडळींच्या चर्चमध्ये जायचा आणि मागून दुसऱ्या बाकावर बसायचा. त्याच्यापुढे बसायला त्याला कोणी मनाई केली नव्हती, आणि बसा असंही कोणी म्हटलं नव्हतं.

आणि याच लिब्रादोच्या घरात, मागच्या खोलीत, त्याची आई सेनोबिया राहत होती; या देशात एकसष्ट वर्षं, पण इथे राहायच्या परवानगीचा एकही कागद नाही.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नॉर्मा डीनला तर सगळ्यांत जास्त, कारण सेनोबियाने बावीस वर्षं तिच्या सासूच्या घरी कपडे धुतले आणि इस्त्री केली. मधे एकदा सरकारने जुन्या लोकांना कागद द्यायचं काढलं होतं. मालकाची एक चिठ्ठी लागत होती, की ही बाई इतकी वर्षं माझ्याकडे काम करते. सेनोबिया चिठ्ठी मागायला गेली, तर म्हातारी हॅस्केलबाई म्हणाली, "बाई गं, लिहून दिलं तर तुझ्या पगारावरचा कर मी का भरला नाही, हे मलाच विचारतील." आणि तिच्या हातावर उरलेला केक ठेवला. पुन्हा मागायला जा असं सेनोबिया लिब्रादोला म्हणाली. तेव्हा तो बाविशीचा होता, बसची नोकरी नुकतीच लागली होती. त्याला लाज वाटली. तो गेला नाही आणि मुदत संपली.

तेव्हापासून म्हातारी गावात अडकली. दक्षिणेला नदी, आणि उत्तरेला सत्तर मैलांवर रस्त्यातली चौकी, जिथे प्रत्येक गाडी थांबवून कागद विचारतात. नातीचं, लिब्रादोच्या मुलीचं, लग्न चौकीच्या पलीकडे सान अँटोनियोला झालं, तिला फोटोत दिसलं. मतदानाच्या दिवशी मात्र ती पहाटे चारला उठून टाको करायची, बटाटा-अंड्याचे आणि मुरवलेल्या मांसाचे. लिब्रादो ते डब्यात भरून आणायचा. नॉर्मा डीन दोन खायची, एक नवऱ्यासाठी बांधून घ्यायची. बिनकागदाच्या बाईच्या हातचं खाऊन आम्ही तिघं दिवसभर लोकांचे कागद तपासायचो. मीही खायचे, मी काही वेगळी नव्हते.

मग चर्चने येशूच्या जन्मगावी यात्रा काढली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा लिब्रादोला विचारलं, येतोस का. तो आठवडाभर हवेत होता. पासपोर्टसाठी अर्ज केला, फोटोसाठी कोट शिवून घेतला. दोन महिन्यांनी पासपोर्टऐवजी पत्र आलं. तुमच्या जन्माची नोंद इथे सुईणीने केली आहे, आणि त्या काळातल्या काही सुइणींनी खोट्या नोंदी केल्या होत्या. शिवाय नदीपलीकडे, मेक्सिकोत, याच नावाच्या आणि याच आईच्या मुलाचा जन्म नोंदलेला आहे. दोहोंतलं खरं कोणतं ते सिद्ध करा.

तो ते पत्र घेऊन आईसमोर उभा राहिला. मी तिथेच होते, तिच्याबरोबर मक्याची पानं निवडत बसले होते. त्याने पत्र उघडलं, पुन्हा घडी घातली. शेवटी म्हणाला, "आई, माझा जन्म कुठला?"

म्हातारीने माझ्याकडे बघितलं आणि खुदकन हसली. "गावभर विचारून झालं वाटतं. आता आईची पाळी."

मग तिने सगळं सांगितलं. तो इथेच जन्मला, पॅकिंगच्या शेडमागच्या खोलीत, कासिमिरा सुईणीच्या हातून. दोन महिन्यांनी ती त्याला घेऊन नदीपलीकडे माहेरी गेली. तिची आई म्हणाली, तुझ्या नवऱ्याचं काम सुटलं तर पोर इथेच वाढेल, आणि इथल्या नोंदीशिवाय शाळा घेणार नाही. तेव्हा नदीकाठचे सगळेच असं करायचे. एक नोंद इकडे, एक तिकडे. तिने कारकुनाला सांगितलं, पोर इथेच जन्मलं. "त्यात काय बिघडलं? पोराला आज्यासुद्धा दोन असतात," ती म्हणाली.

बिघडलं ते वकिलाने समजावून सांगितलं. लिब्रादो बेचाळीस वर्षं मत देत होता आणि एकवीस वर्षं टेबलावर बसून दुसऱ्यांची मतं घेत होता. इथे जन्मला म्हणूनच तो इथला नागरिक होता; तो इथे जन्मला नाही असं ठरलं, तर त्यातलं प्रत्येक मत गुन्हा होता. मग नोकरीनंतरचं वेतन, घर, तुरुंग, काय काय पुढे येईल सांगता येत नव्हतं. पलीकडची नोंद पलीकडच्याच कोर्टात रद्द करून आणली तर मात्र प्रश्न मिटत होता. तिथला न्यायाधीश ज्याने नोंद केली त्यालाच समोर बोलावतो, लेखी जबाब चालत नाही. "आई आहेत तोवर करून घ्या," वकील म्हणाला. "नंतर साक्षीला कोणी उरणार नाही." दुसरा रस्ता होता, इथल्या कोर्टात भांडायचं. त्याला चार-पाच वर्षं लागली असती आणि पेपरात नाव आलं असतं.

नाव पेपरात, हे ऐकल्यावर लिब्रादोने दुसऱ्या रस्त्याबद्दल एक प्रश्नही विचारला नाही.

सरहद्दीच्या पुलावर जाताना गाडी माझी होती आणि चालवलीही मीच; मदतीला मुलीला बोलावलं असतं तर तिला सगळं कळलं असतं, आणि ते त्याला नको होतं. म्हातारीला त्याने सांगितलं होतं, दोनच दिवसांचं काम आहे, एक जोड कपडे घे. तिने मोठी बॅग भरली. त्याने ती रस्ताभर मांडीवर धरली होती आणि त्याला वजन कळलं नसेल असं मी तरी मानणार नाही. पूल ओलांडून जायला काहीच लागत नाही. नाणं टाकायचं, लोखंडी फाटक ढकलायचं, कोणी तोंडसुद्धा बघत नाही. कागद लागतात ते परत येताना.

फाटकाशी लिब्रादो थांबला. दोनच नाणी त्याने काढली आणि माझ्या हातात दिली. म्हातारी म्हणाली, "तू येत नाहीस?"

"पासपोर्ट नाही ना, आई. मी आलो तर मला परत घेतील याची खात्री नाही."

ऊन होतं, मागे लोक खोळंबले होते. मग अगदी हळू, लहान पोराला विचारावं तसं तिने विचारलं, "आणि माझी आहे?"

"वकील काहीतरी करेल."

"वकिलाचं सोड. मी साठ वर्षं हा पूल बघते आहे, मला शिकवू नकोस. तू एवढंच म्हण, आई, तू आता परत येणार नाहीस. माझ्या तोंडावर म्हण, मग मी जाते."

तो म्हणाला नाही. "दोन दिवसांचा प्रश्न आहे," एवढंच पुटपुटला आणि घड्याळ बघितलं. म्हातारीने बॅग त्याच्या हातून ओढून घेतली आणि फाटक ढकललं. ते जड होतं, तिला खांद्याने रेटावं लागलं. मागच्या माणसाने मदत केली, तिच्या मुलाने नाही.

कोर्टात सगळं वीस मिनिटांत उरकलं. न्यायाधीश तरुण बाई होती, बोलायला सभ्य. तिने विचारलं, "आजी, तेव्हा तुम्ही खोटं सांगितलंत?" सेनोबिया म्हणाली, "हो." "का?" "त्याला इथेही घर असावं म्हणून." बाईने ते लिहून घेतलं नाही, फक्त "शाळेसाठी" असं लिहिलं. म्हातारीला सही येत नव्हती, अंगठा दिला. तिची भाची चायो बाहेर उभी होती. तिच्या घरामागे पत्र्याची एक खोली होती. तिथे बॅग ठेवल्यावर म्हातारीने मला जायला सांगितलं, नंतर पुलावर गर्दी होते म्हणून. तिला रडायचं होतं आणि ते माझ्यासमोर नको होतं, हे मला कळलं.

मी परत आले. लिब्रादो माझ्या गाडीला टेकून उभा होता. पहिला शब्द काय बोलावा माणसाने? तो म्हणाला, "अंगठा नीट उमटला ना?"

मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. मारली नाही. कागद त्याला दिला आणि गाडी चालू केली. इतकी वर्षं रांगेतून पोरी परत गेल्या तेव्हाही मी काही केलं नव्हतं, तेव्हा आजच हात कुठून उठणार होता?

पासपोर्ट पाच महिन्यांनी आला. यात्रा कधीच आटोपली होती. नॉर्मा डीनने त्याच्यासाठी तिथल्या पवित्र नदीचं पाणी बाटलीत आणलं होतं. सेनोबियाचं कळल्यावर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, अगदी खरं रडली. म्हणाली, "मला सांगायचंत. मी तिला माझ्या घरात ठेवून घेतलं असतं. तिच्यासारखी माणसं वेगळी गं, प्रश्न त्या बाकीच्यांचा आहे." तिच्या सासूने न दिलेली चिठ्ठी माझ्या जिभेवर आली होती. पण समोर तिने आणलेला पेकानचा केक होता आणि माझ्या तोंडात घास होता.

लिब्रादो नवा पासपोर्ट घेऊन एकदा पलीकडे गेला. औषधं दिली, पत्र्याच्या खोलीला पंखा बसवून दिला, तासाभरात परतला. पुन्हा गेला नाही. परत येताना पुलावर रांग फार असते, म्हणाला. चायो सांगते, म्हातारी पहाटे चारला अजून उठते आणि चूल पेटवून नुसती बसून राहते.

नोव्हेंबरात आम्ही तिघं पुन्हा टेबलावर बसलो. शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाच्या, जागेला उभा असलेला गोरा घरोघर जाऊन कागद तपासणार असं सांगत होता. नॉर्मा डीनने त्याला मत दिलं, लिब्रादोनेही दिलं. नॉर्मा डीन ते लपवत नव्हती आणि लिब्रादो तर दाखवत होता. आमच्यातले निम्मे लोक त्या दिवशी रांगेत त्याच्याशी बोलले नाहीत. उरलेल्यांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला, आणि मला त्यांचाच जास्त राग आला.

संध्याकाळी दारं बंद झाल्यावर बाहेर विद्यापीठाची एक मुलगी कागद घेऊन उभी होती. गोरे आणि आम्ही वेगवेगळा विचार का करतो, हे तिला शोधायचं होतं. नॉर्मा डीनला तिने विचारलं, गावात भेदभाव होतो का? नॉर्मा डीनचे डोळे भरून आले. ती म्हणाली, होतो, फार होतो, एका म्हाताऱ्या बाईचं काय झालं ते मी बघितलंय. पुढचा प्रश्न आला, बाहेरून येणाऱ्यांना अजून कडक नियम हवेत का? ती म्हणाली, हवेत, नक्कीच हवेत. मुलीने दोन्हीकडे खुणा केल्या.

मग लिब्रादोची पाळी आली. भेदभाव? कधीच नाही, मला तरी कोणी काही केलं नाही. नियम? कडक हवेत. मुलीने पान उलटलं. तुमच्या घरात किंवा जवळच्या नात्यात कोणी कागदांशिवाय या देशात राहतं का?

"नाही," लिब्रादो म्हणाला. त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. हाच जबाब तो जन्मभर देत आला होता, आणि पहिल्यांदाच तो खरा होता.