फी भरू, पण गणपतीनंतर

गेल्या गुरुवारी पेणला गेलो होतो, एका अर्जासाठी. अर्ज माझा नव्हता... रोह्याजवळ वरशातल्या आमच्या शेजाऱ्यांची मुलगी दर्शना पेणला दिली आहे, तिच्या मुलीच्या, ओवीच्या शाळेचा होता.

शाळा गावाबाहेर नवीन झालेली, इंटरनॅशनल. ओवीची मुलाखत चांगली झाली, यादीत नावही लागलं... पण शनिवारपर्यंत फीचा पहिला हप्ता भरला नाही तर तिची जागा पुढच्या मुलाला जाणार होती.

दर्शना आणि तिचा नवरा महेश यांचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना छोटा, पण मूर्ती परदेशात जातात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी दर्शना स्वतः करते, ते काम ती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही.

फीचा आकडा ऐकून घरच्यांनी बरेच टोमणे मारले होते. महेशने त्यावर एवढंच म्हटलं, "आमचे गणपती अमेरिकेला जातात, पोरगी पेणच्या इंटरनॅशनलला तरी जाऊ दे."

तर कारखान्यातच एका स्टुलावर बसून मी अर्ज लिहिला. वर्तमानपत्रात नोकरी झाली, त्यामुळे ओळखीचे लोक अशा कामाला बोलावतात आणि मला ते दहा मिनिटांत जमतं. 'आमची आर्थिक परिस्थिती बेताची असून, आपण सहानुभूतीपूर्वक विचार करून फीमध्ये सवलत द्यावी...' वगैरे.

दर्शनाने हातातला ब्रश ठेवला आणि कागद दोनदा वाचला.

"काका, हे कोणाचं लिहिलंत?"

"तुमचंच की."

"आमचं बेताचं कुठे हाय? आणि सवलत कोण मागतंय? फी पूर्ण भरायची हाय. फक्त एप्रिलात आमच्या हातात पैसा नसतो... माती, रंग, कारागिरांचा पगार, सगळा या मूर्तींत बसलेला असतो. गणपती झाले की सुटतो."

खरं सांगतो, मला ओशाळल्यासारखं झालं. पेण-रोह्यात आयुष्य गेलं, कारखानदारांचं वर्ष कसं चालतं हे मला ठाऊक होतं... तरी हात सवयीने 'परिस्थिती'कडेच गेला.

तिने त्या चार ओळी खोडायला लावल्या. मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. प्रवेशाची रक्कम आज भरतो, वर्षाची संपूर्ण फी एकदम, अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात भरतो. बस्स.

शाळेत फीच्या काउंटरवर एक बाई होत्या. वागायला चांगल्या, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं... कॉम्प्युटरमध्ये तीन हप्ते आहेत, त्यांच्या तारखा हलत नाहीत. त्यांनी सवलतीचा छापील फॉर्म पुढे केला. उत्पन्न कमी दाखवा, दोन दिवसांत मंजूर होईल.

दर्शनाने फॉर्मला हातसुद्धा लावला नाही. मी हळूच म्हटलं, "भरून टाक ना, शनिवार परवावर आलाय."

"नाय काका. खोटं लिहून पोरीला शाळेत घालू? आणि ज्यांना खरंच गरज हाय त्यांनी काय करायचं?"

मग आम्ही मुख्याध्यापिकांना भेटायला बसलो. पाऊण तास बसलो. दर्शना एकदाच बोलली, "जागा गेली तर महेशला काय सांगू, त्याचा विचार करतेय."

मुख्याध्यापिका नाशिककडच्या, पेणमध्ये येऊन दीडेक वर्ष झालेलं. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "आणि गणपती उशिरा आले तर?"

"उशिरा येतात मॅडम, चुकत नाय."

त्या हसल्या. मग मात्र त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं नीट विचारून घेतलं... मूर्तीचे पैसे कधी येतात, व्यापारी कधी हिशोब करतात, आळीत असे कारखाने किती. पेणमधले बरेच पालक फॉर्म नेतात, मुलांची मुलाखतही होते आणि एप्रिलात फीची वेळ आली की गायब होतात, असं त्या म्हणाल्या. "आम्ही समजत होतो, यांना फी परवडत नाही."

त्यांनी संस्थाचालकांना फोन लावला. आम्ही समोरच बसलेलो. पाच मिनिटांनी फोन ठेवून त्यांनी अर्जावर 'मान्य' लिहिलं आणि सही केली. अट एकच, पुढच्या तारखेचा चेक आजच द्यायचा.

"देते," दर्शना म्हणाली. "पण विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी बँकेत टाकू नका. त्या दिवशी अख्खं पेण झोपलेलं असतं."

बाहेर आल्यावर ती गेटजवळच्या कट्ट्यावर बसली आणि महेशला फोन लावला. "झालं," एवढं म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. बाकीचं मीच सांगितलं.

सोमवारी तिचा मेसेज आला. शाळेने नोटीस बोर्डवर लावलंय, कारखान्याच्या घरांसाठी फी गणपतीनंतर एकरकमी भरता येईल. तिच्या आळीतल्या दोघी अर्ज घेऊन गेल्यासुद्धा... त्यांनी आपापले अर्ज स्वतःच लिहिले.

इतकी वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय. समोरचा माणूस नेमकं काय मागतोय हे विचारायच्या आधीच मी त्याला गरीब करून टाकत आलो... दर्शना, त्या चार ओळी खोडायला लावल्यास, बरं केलंस.