घरटी एक माणूस

आमच्या खटकचिंचोळीत कुठलंही गावकीचं काम निघालं की घरटी एक माणूस जातो. विहिरीचा गाळ काढायचा असो की मयत असो, घरातलं कुणीतरी गेलं की झालं. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कोर्टाचा हुकूमही याच हिशेबात बसवला.

मालकांची जीप होती. पिऊन चालवताना त्यांनी ती वऱ्हाडासकट ज्वारीत घातली. नवरदेवाचा हात मोडला. भालकीच्या न्यायाधीशांनी मालकांना तुरुंगात न घालता शिक्षणाला घातलं. दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन डॉक्टरांचं दारूवरचं व्याख्यान ऐकायचं. लायसन तोवर कोर्टात.

"तू जाऊन ये. मला काम हाय," मालक म्हणाले. कसलं काम, ते तोंडाच्या वासावरून कळत होतं.

"प्यालाव तुमी, अन् मी कामून जाऊ?"

"घरातलं कुणीबी चालतंय."

गेले. बघते तर बाकावर सगळ्या बायकाच! एकाची तर म्हातारी आई आलेली. डॉक्टर नवऱ्यांची नावं पुकारत, आम्ही पदर सावरून "व्हय" म्हणत होतो. मग ते आमच्यावरच कडाडले, "सोडा ती दारू!" आम्ही माना डोलावल्या. जन्मात थेंब न चाखलेल्या बायकांना इतक्या कळवळ्यानं दारू सोडायला दुसऱ्या कुणी सांगितलं नसेल.

एक गोष्ट मात्र मनात रुतली. पिणाऱ्याला वाटतं आपण शुद्धीवर आहोत, पण त्याचे हातपाय उशिरा ऐकतात. माझी लेकरं त्याच जीपमधून शाळेला जायची. लायसन परत आलं की पुन्हा जाणार.

शिक्षण संपलं. न्यायाधीशांनी विचारलं, "काय शिकलास?"

मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "सायेब, हिला इचारा. समदं हिलाच ठावं हाय."

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. "हेळ्री अक्का, तुम्हीच सांगा."

"चांगलं सांग गं," मालक कुजबुजले, "लायसन मिळायलंय."

मी डॉक्टरांचं सगळं म्हणून दाखवलं. मग म्हटलं, "सायेब, लायसन देऊ नका. हे अजून पितेत. माझी लेकरं त्या गाडीत बसणार हायेत."

कुणी हसलं नाही.

लायसन कोर्टातच राहिलं. आम्ही बसनं परतलो. मालक तोंड फिरवून पुढच्या बाकावर जाऊन बसले. मी मात्र खिडकीला डोकं टेकून, कितीतरी दिवसांनी, निवांत झोपले.